लघुग्रह ४ व्हेस्टा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेस्टा या लघुग्रहाविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्याशी जुळतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मोठी अंतरे खगोलीय एककांत (ख. ए.) दिली आहेत. १ ख. ए. म्हणजे पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर.

१. व्हेस्टा म्हणजे नेमके काय? तो सर्वांत मोठा लघुग्रह आहे का?

व्हेस्टा हा मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील मुख्य पट्ट्यात फिरणारा, सुमारे ५२५ किमी सरासरी व्यासाचा लघुग्रह आहे. या पट्ट्यात वस्तुमानाने सेरेसच्या खालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. सेरेसची गणना २००६ पासून बटुग्रहांत होत असल्यामुळे ‘सर्वांत मोठा लघुग्रह व्हेस्टा’ असेही काही ठिकाणी लिहिलेले आढळते. वस्तुमानाचा विचार केला तर ते बरोबर आहे, मात्र व्यासाच्या बाबतीत पॅलास हा लघुग्रह त्याच्या अगदी जवळ येतो. पॅलास हलक्या द्रव्याचा असल्यामुळे तेवढ्याच आकारमानात त्याचे वस्तुमान बरेच कमी भरते.

२. त्याचा शोध कोणी आणि कधी लावला?

जर्मनीतील ब्रेमेन शहरात राहणाऱ्या हाइनरिख ओल्बर्स यांनी २९ मार्च १८०७ रोजी. ओल्बर्स व्यवसायाने डॉक्टर होते. दिवसा रुग्ण तपासायचे आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावरून आकाश न्याहाळायचे असा त्यांचा क्रम होता. त्याआधी तीन लघुग्रह सापडले होते : १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझ्झी यांना सेरेस, २८ मार्च १८०२ रोजी खुद्द ओल्बर्स यांना पॅलास आणि १ सप्टेंबर १८०४ रोजी लिलिएन्थाल येथे हार्डिंग यांना जुनो. व्हेस्टा चौथा, म्हणून त्याचा क्रमांक ४.

३. ओल्बर्स यांनी तो योगायोगाने शोधला की हिशेबाने?

हिशेबाने, पण ज्या कल्पनेवर तो हिशेब उभा होता ती कल्पना पुढे चुकीची ठरली. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये पूर्वी एक ग्रह असावा, तो फुटला असावा आणि सेरेस व पॅलास हे त्याचेच तुकडे असावेत, असा ओल्बर्स यांचा तर्क होता. तुकडे एकाच जागेवरून उडाले असतील, तर प्रत्येकाची कक्षा त्या जागेवरून आणि आकाशात तिच्या समोरच्या जागेवरून पुन्हा पुन्हा गेली पाहिजे. सेरेस आणि पॅलास यांच्या कक्षा कन्या राशीत आणि तिच्या समोर तिमिंगल तारकासमूहाच्या बाजूला एकमेकींजवळ येत होत्या, म्हणून ओल्बर्स यांनी हेच दोन भाग चिकाटीने तपासायचे ठरवले. जुनो तिमिंगलाजवळ सापडल्यावर त्यांचा विश्वास आणखी दृढ झाला आणि १८०७ मध्ये कन्येच्या उत्तर भागात त्यांना एक तेजस्वी, नकाशात नसलेला ‘तारा’ दिसला.

आज आपल्याला माहीत आहे की असा एकच ग्रह फुटून पट्टा बनलेला नाही. पट्ट्यातील सगळे द्रव्य एकत्र केले तरी ते चंद्राच्या वस्तुमानाच्या काही टक्केच भरते आणि लघुग्रहांची रासायनिक घडण एकमेकांपासून फार वेगळी आहे. तरीही शोधाचे श्रेय कमी होत नाही. आकाशाचे ठरावीक तुकडे वर्षानुवर्षे नेमाने पाहणाऱ्याला तिथला नवा पाहुणा ओळखू येतो, मग त्यामागचा तर्क खरा असो वा नसो.

४. नाव कोणी ठेवले? तो कधी ग्रह मानला जात होता का?

नाव ठेवण्याचा मान ओल्बर्स यांनी गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउस यांना दिला, कारण नव्या वस्तूची कक्षा गाउस यांनीच काढली होती आणि तीही अवघ्या दहा तासांच्या आकडेमोडीत. गाउस यांनी चुलीच्या अग्नीची रोमन देवता व्हेस्टा हिचे नाव निवडले. यानंतरचा लघुग्रह, अ‍ॅस्ट्रिया, १८४५ मध्ये म्हणजे ३८ वर्षांनी सापडला. मधल्या काळातील पाठ्यपुस्तकांत सेरेस, पॅलास, जुनो आणि व्हेस्टा यांना ग्रहांच्या यादीतच जागा होती. १८४५ नंतर दर वर्षी नवे लघुग्रह सापडू लागले आणि ही यादी आवरेनाशी झाली, तेव्हा त्यांचा वेगळा वर्ग रूढ झाला.

५. त्याची कक्षा कशी आहे?

व्हेस्टा सूर्यापासून सरासरी २.३६ ख. ए. अंतरावर असून एक प्रदक्षिणा ३.६३ वर्षांत पूर्ण करतो. कक्षेची विकेंद्रता सुमारे ०.०९ आहे, म्हणजे ती वर्तुळाच्या बरीच जवळची आहे : सूर्याजवळ असताना तो २.१५ ख. ए. वर असतो आणि दूर असताना २.५७ ख. ए. वर. पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी तिचा कल ७.१ अंश आहे. सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९ किमी आहे.

या आकड्यांपैकी लक्षात ठेवण्याजोगा पहिला. २.५ ख. ए. अंतरावर पट्ट्यात एक जवळजवळ रिकामी फट आहे आणि व्हेस्टा तिच्या आतल्या अंगाला, तिच्यापासून फार दूर नसलेल्या जागी फिरतो. त्याचे तुकडे पृथ्वीपर्यंत पोहोचण्याचे कारण या शेजारात दडलेले आहे (प्रश्न १३ पाहा).

६. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

कधी कधी, होय. मुख्य पट्ट्यातील लघुग्रहांपैकी नियमितपणे डोळ्यांच्या टप्प्यात येणारा हा एकच. पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मधोमध येते त्या स्थितीला प्रतियुती म्हणतात आणि ती साधारण साडेसोळा महिन्यांनी येते. सगळ्याच प्रतियुती सारख्या नसतात. व्हेस्टा उपसूर्य बिंदूजवळ, म्हणजे सूर्याला सर्वांत जवळच्या जागी असताना प्रतियुती झाली, तर तो ५.३ प्रतीपर्यंत उजळतो (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा; तो जितका लहान, तितकी वस्तू तेजस्वी). जून २०१८ मध्ये तसे झाले होते, तेव्हा तो पृथ्वीपासून सुमारे १७ कोटी किमीवर आला होता. मे २०२५ ची तूळ राशीतील प्रतियुतीही चांगली होती. प्रतिकूल काळात तो आठव्या प्रतीच्याही खाली जातो आणि मग दुर्बीण घ्यावीच लागते.

शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांचा हट्ट धरू नये. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री पुरेशी आहे, पण त्यातूनही व्हेस्टा ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो, त्यामुळे ओळख पटते ती हालचालीवरून. त्या भागातील तारे वहीत टिपून ठेवावेत आणि दोन रात्रींनी पुन्हा पाहावेत. प्रतियुतीच्या सुमारास तो ताऱ्यांमधून रोज सुमारे पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीएवढा, पश्चिमेकडे सरकतो. जो ठिपका जागेवर सापडत नाही, तो व्हेस्टा.

७. सेरेस जवळजवळ दुप्पट मोठा असताना व्हेस्टा जास्त तेजस्वी का?

पृष्ठभागामुळे. व्हेस्टा आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी चार दशांशाहून थोडा अधिक परावर्तित करतो, तर काळपट सेरेस जेमतेम नऊ टक्के. शिवाय व्हेस्टा सूर्याला आणि आपल्यालाही अधिक जवळ आहे.

८. त्याचे वस्तुमान कसे मोजले?

यानाच्या आधी हे काम दुसऱ्या एका लघुग्रहाने करून दिले. १९७ अरेटे हा छोटा लघुग्रह दर १८ वर्षांनी व्हेस्टाच्या तुलनेने जवळून जातो आणि प्रत्येक वेळी त्याच्या कक्षेला व्हेस्टाच्या गुरुत्वाकर्षणाचा हलका झटका बसतो. हा बदल मोजून हान्स हर्ट्झ यांनी १९६६ मध्ये व्हेस्टाचे वस्तुमान काढले. कोणत्याही लघुग्रहाचे वस्तुमान काढण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे नासाचे डॉन यान २०११ ते २०१२ या काळात व्हेस्टाभोवती फिरले आणि त्याच्या रेडिओ संदेशांवरून हा आकडा फार काटेकोरपणे ठरला : सुमारे २६ कोटी अब्ज टन, म्हणजे चंद्राच्या वस्तुमानाचा अंदाजे २८० वा भाग. घनता पाण्याच्या जवळपास साडेतीनपट आहे. पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या चाळिसाव्या भागाएवढे असल्यामुळे ६० किलोचा माणूस तेथे तराजूवर दीड किलोचा भरेल.

९. व्हेस्टावरचा दिवस किती मोठा असतो?

५ तास २० मिनिटे. अक्ष सुमारे २९ अंश कललेला असल्यामुळे तेथे ऋतूही होतात. डॉन यान पोहोचले तेव्हा उत्तर ध्रुव अंधारात होता, म्हणून त्याची छायाचित्रे मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यातच मिळाली.

१०. दक्षिण ध्रुवावरचे प्रचंड विवर कशामुळे झाले?

एका मोठ्या आघातामुळे, आणि तेथे विवर एक नव्हे तर दोन आहेत. खालचे व्हेनेनिया हे सुमारे ४०० किमी रुंदीचे जुने विवर असून त्यावर अंशतः चढलेले र्‍हेआसिल्व्हिया हे सुमारे ५०५ किमी रुंदीचे आहे. ज्या वस्तूचा व्यास ५२५ किमी, तिच्यावरचे हे विवर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आघाताची कल्पना येते. त्याच्या मध्यभागी उठलेला पर्वत पायथ्यापासून २० ते २५ किमी उंच आहे. सूर्यमालेत त्याच्याशी बरोबरी करणारा पर्वत म्हणजे मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स.

या खड्ड्याचा सुगावा हबल दुर्बिणीच्या १९९६ मधील छायाचित्रांतच लागला होता. डॉनने त्यात भर घातली ती विषुववृत्ताभोवतीच्या लांबलचक चरांची. त्यांपैकी दिव्हालिया फोसा हा चर ४६० किमीहून अधिक लांब आहे. दक्षिणेकडील आघाताने संपूर्ण लघुग्रह हादरून हे चर पडले असावेत, असे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दिले जाते. र्‍हेआसिल्व्हियाचे वय सुमारे १०० कोटी वर्षे मानतात. मात्र हे वय विवरे मोजून काढलेले असल्यामुळे त्यावर एकमत नाही.

११. मग व्हेस्टाला बटुग्रह का म्हणत नाहीत?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २००६ च्या व्याख्येनुसार बटुग्रहाने स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल, समतोल आकार धारण केलेला असावा लागतो. व्हेस्टाची मापे सुमारे ५७३ × ५५७ × ४४६ किमी आहेत. त्याच्या चपटेपणाचा काही भाग वेगवान परिवलनामुळे आहे, पण प्रश्न १० मधील आघातांनी दक्षिणेचा मोठा लचका तोडल्यामुळे आजचा आकार व्याख्येत बसत नाही. तारुण्यात, उष्ण आणि मऊ असताना, तो समतोल आकाराचा असावा. म्हणून बरेच संशोधक त्याला उरलेला आदिग्रह, म्हणजे ग्रह बनण्याच्या वाटेवर थांबलेला पिंड, म्हणतात आणि मलाही तेच वर्णन अधिक बोलके वाटते.

१२. व्हेस्टाचे दगड पृथ्वीवर पडतात, हे कशावरून म्हणतात?

तीन स्वतंत्र पुराव्यांवरून. पहिला पुरावा प्रकाशाचा : १९७० मध्ये मॅककॉर्ड, अ‍ॅडम्स आणि जॉन्सन यांनी व्हेस्टाचा वर्णपट तपासला, तेव्हा पायरॉक्सिन या खनिजामुळे ०.९ मायक्रॉनजवळ पडणारी खाच त्यांना आढळली आणि ती युक्राइट नावाच्या बेसॉल्टी अशनींच्या वर्णपटाशी जुळली. दुसरा पुरावा १९९३ चा : बिन्झेल आणि शू यांना व्हेस्टापासून थेट २.५ ख. ए. च्या फटीपर्यंत पसरलेले, तसाच वर्णपट असलेले छोटे लघुग्रह सापडले. तिसरा डॉनचा : यानावरील उपकरणांनी मोजलेले लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण या अशनींशी मिळतेजुळते निघाले.

या अशनींचे तीन प्रकार आहेत. युक्राइट हा वरच्या कवचातला लाव्हाचा दगड, डायोजेनाइट खोलवर सावकाश थिजलेला, तर हॉवर्डाइट हा आघातांनी दोन्हींचा चुरा होऊन पुन्हा घट्ट झालेला. पडताना पाहिलेल्या सर्व अशनींपैकी सुमारे ६ टक्के या कुळातले असतात. युक्राइट आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा दूरचा भाऊ म्हणता येईल : दोन्हींत पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज हीच मुख्य खनिजे. फरक वयाचा आणि पाण्याचा. दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तर युक्राइट सुमारे ४५० कोटी वर्षांचा आणि जवळजवळ निर्जल.

१३. पण ते तुकडे इतक्या लांबून पृथ्वीवर येतातच कसे?

आघाताच्या जोराने थेट येत नाहीत. व्हेस्टाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेग पुरतो. एवढ्याने तुकडे व्हेस्टाच्या आसपासच्या कक्षांत पसरतात, इतकेच. पुढे सूर्याची उष्णता छोट्या, फिरत्या दगडांकडून असमान रीतीने बाहेर टाकली जाते आणि तिच्या सूक्ष्म रेट्याने त्यांची कक्षा लक्षावधी वर्षे हळूहळू सरकत राहते. असा दगड २.५ ख. ए. च्या फटीत शिरला, की त्याचा काळ गुरूशी ३:१ प्रमाणात जुळतो : गुरूच्या एका फेरीत त्याच्या बरोबर तीन. गुरूचे ओढणे प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी होत गेल्याने कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी पृथ्वीची कक्षा छेदते. आतल्या बाजूला शनीमुळे निर्माण होणारी अशीच दुसरी वाटही आहे.

२ जून २०१८ रोजी २०१८ एलए ही छोटी वस्तू पृथ्वीवर आदळण्याच्या काही तास आधी अवकाशात दिसली होती. तिचे तुकडे बोट्स्वानात सापडले आणि ते हॉवर्डाइट निघाले.

१४. भारतात किंवा महाराष्ट्रात असे अशनी पडले आहेत का?

होय. १८४३ मध्ये खानदेशात, एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळच्या मानेगाव येथे पडलेला अशनी डायोजेनाइट आहे. त्याचा अगदी थोडा भाग आज जतन झालेला आहे, पण जगात पडताना पाहिलेले डायोजेनाइट मोजकेच असल्यामुळे त्याचे नाव अशनींच्या सूचीत टिकून आहे. बंगालमधील शाल्का येथे १८५० मध्ये पडलेला अशनीही याच प्रकारचा. राजस्थानात लोहावट येथे १९९४ मध्ये हॉवर्डाइट पडला आणि १९९६ मध्ये पाली जिल्ह्यातील पिपलिया कलान येथे युक्राइट.

पिपलिया कलानची गोष्ट महत्त्वाची आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील जी. श्रीनिवासन, जे. एन. गोस्वामी आणि एन. भंडारी यांनी त्याच्या खनिजकणांत मॅग्नेशियम–२६ चे जादा प्रमाण मोजले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. हे जादा मॅग्नेशियम म्हणजे अ‍ॅल्युमिनियम–२६ या किरणोत्सारी समस्थानिकाचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूचा) अवशेष. त्याचे अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षेच असल्यामुळे, दगड थिजला तेव्हा ते जिवंत होते याचा अर्थ असा, की व्हेस्टासारख्या वस्तू सूर्यमालेच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच वितळून थिजूही लागल्या होत्या. एवढी लहान वस्तू वितळलीच कशी, या जुन्या कोड्याचे उत्तरही त्यातच आहे : उष्णता याच समस्थानिकाची.

१५. वितळला म्हणजे त्याला पृथ्वीसारखा लोखंडी गाभा आहे का?

डॉनच्या पहिल्या निष्कर्षांत सुमारे ११० किमी त्रिज्येचा लोहगाभा सांगितला गेला आणि बहुतेक पुस्तकांत आजही तोच आकडा आहे. २०२५ मध्ये त्याच मोहिमेची मोजमापे नव्याने पारखून मात्र वेगळा निष्कर्ष मांडण्यात आला : आतील घनता अपेक्षेपेक्षा बरीच एकसारखी दिसते, गाभा असलाच तर लहान असावा, आणि व्हेस्टा पूर्णपणे थर वेगळे होण्याआधीच थंड झाला किंवा एखाद्या मोठ्या वस्तूचा तुकडा आहे. पृष्ठभाग वितळलेल्या बेसॉल्टचा आहे, याविषयी वाद नाही. त्यामुळे तूर्तास गाभ्याचा आकडा लिहिताना ‘एका प्रतिमानानुसार’ हे शब्द जोडणे योग्य.

१६. प्रत्येक युक्राइट व्हेस्टाचाच असतो का?

नाही. एकाच मूळ पिंडातील दगडांत ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांचे गुणोत्तर एका रेषेवर बसते. ब्राझीलमध्ये १९५७ साली पडलेला इबितिरा आणि ऑस्ट्रेलियात २००७ साली पडलेला बनबरा रॉकहोल हे दिसायला युक्राइटसारखे असले, तरी त्या रेषेपासून ढळतात. म्हणजे वितळून बेसॉल्ट तयार झालेली आणखी पिंडे होती. पट्ट्यातही याला दुजोरा मिळतो : १४५९ मॅग्निया हा बेसॉल्टी लघुग्रह व्हेस्टाच्या कुटुंबापासून इतका दूर, पट्ट्याच्या बाहेरील भागात आहे, की तो तेथून गेला असणे पटत नाही.

१७. दोन नकाशांत एकाच विवराचे रेखांश वेगळे का दिसतात?

कारण शून्य रेखावृत्त दोन प्रकारे ठरवले गेले. हबलच्या काळात ते एका धूसर काळ्या प्रदेशावरून घेतले होते. डॉनच्या चमूने क्लॉडिया नावाच्या सुमारे ७०० मीटरच्या सुबक विवराचा आधार घेतला आणि आपली जुळणी, म्हणजे रेखांश मोजण्याची स्वतःची पद्धत, वापरली. आंतरराष्ट्रीय संघाने मान्य केलेली जुळणी क्लॉडियाच वापरते, पण शून्य जुन्या जागेच्या जवळ ठेवते. दोन्हींत सुमारे १५० अंशांचा फरक पडतो, म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात जुळणीचे नाव पाहिल्याशिवाय रेखांश उतरवून घेऊ नयेत.

१८. व्हेस्टा पृथ्वीवर आदळण्याचा धोका आहे का?

नाही; तो २.१५ ख. ए. च्या आत येत नाही. ‘कक्षा सदासर्वकाळ सांगता येते का’ या प्रश्नाचे उत्तर मात्र निराळे आहे. झाक लास्कार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की सेरेस, व्हेस्टा आणि इतर मोठे लघुग्रह अधूनमधून एकमेकांजवळून जातात आणि त्यामुळे त्यांच्या नेमक्या जागा सुमारे चार लाख वर्षांपलीकडे सांगता येत नाहीत. या अनिश्चिततेचा परिणाम ग्रहांपर्यंत पोहोचतो : पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता भूतकाळात सहा कोटी वर्षांपलीकडे काढणे कायमचे अशक्य ठरते. सेरेस आणि व्हेस्टा एकमेकांवर आदळण्याची शक्यता दर १०० कोटी वर्षांत सुमारे ०.२ टक्के निघाली.

१९. व्हेस्टाला चंद्र आहे का? आणि पत्रिकेत त्याला स्थान आहे का?

चंद्र सापडलेला नाही. डॉनने शोध घेतला होता. पारंपरिक पंचांग आणि पत्रिका राहू-केतूंसह नवग्रहांच्या असल्यामुळे १८०७ मध्ये सापडलेल्या वस्तूला त्यांत जागा नाही.

२०. माझ्याकडे एक जड, काळा दगड आहे. तो व्हेस्टाचा असू शकतो का?

महाराष्ट्रातून येणाऱ्या अशा दगडांपैकी जवळजवळ सगळे दख्खनचा बेसॉल्ट असतात आणि युक्राइटही बेसॉल्टच असल्यामुळे (प्रश्न १२ पाहा) गफलत होणे साहजिक आहे. नेहमीची चुंबकाची कसोटी येथे उलट फसवते : युक्राइटमध्ये धातुरूप लोह नगण्य असल्याने तो चुंबकाला दाद देत नाही, उलट आपल्या बेसॉल्टमधील मॅग्नेटाइटमुळे चुंबक किंचित ओढला जातो. पाहायचे ते बाह्य कवच. वातावरणातून जळत आलेल्या ताज्या युक्राइटवर कागदाएवढ्या जाडीचा, काच ओतल्यासारखा चकचकीत काळा थर असतो आणि तो कोठे टवका उडून निघाला असेल, तर आतला दगड फिकट राखाडी दिसतो. आतूनही तितकाच काळा दगड बहुधा इथलाच. बुडबुड्यांची छिद्रे दिसली तर आशा आणखी कमी होते. त्याला अपवाद म्हणजे प्रश्न १६ मधील इबितिरा, जो सच्छिद्र आहे, पण व्हेस्टाचा नाही. एवढ्यावरही शंका उरली, तर दगड न फोडता, न धुता, सापडल्याची जागा आणि तारीख लिहून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे न्यावा. देशात पडलेल्या अशनींचा संग्रह त्याच संस्थेकडे असतो.